खोल भोकाचे शास्त्र आणि घरचा कारखाना

धातूत पाडलेल्या भोकाची खोली त्याच्या व्यासाच्या सुमारे दहापटीहून अधिक झाली की यंत्रशाळेच्या परिभाषेत ते खोल भोक ठरते. ही सीमारेषा सोयीपुरती आहे. अंगावर दोन सर्पिल खोबणी असलेल्या नेहमीच्या पिळाच्या ड्रिलला तिप्पट-चौपट खोली ओलांडताच अडचणी येऊ लागतात आणि त्या खोलीहून फार अधिक वेगाने वाढत जातात. एखाद्या स्पिंडलमधून किंवा दांड्यातून तेल नेण्यासाठी ६ मि.मी. व्यासाचे व १५० मि.मी. लांबीचे आरपार भोक लागले, तर ते व्यासाच्या पंचवीसपट खोल असते. मोठ्या कारखान्यात त्याच कामासाठी बांधलेल्या यंत्रावर ते काही मिनिटांत पडते. घराच्या पडवीत किंवा मागच्या शेडमध्ये एक जुना लेथ, एक उभे ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर एवढ्यावर चालणाऱ्या कारखान्यात तेच भोक सरळ, गोल आणि मापाचे कसे आणता येते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. येथे मांडावयाचा मुद्दा असा, की या कामात यंत्राच्या ताकदीपेक्षा क्रियांच्या क्रमाला अधिक महत्त्व आहे; कारण प्रत्येक हत्यार एका ठरावीक प्रकारचाच दोष काढू शकते आणि आधीच्या हत्याराने मागे ठेवलेला निराळ्या प्रकारचा दोष पुढचे हत्यार निमूटपणे पुढे नेते.

बेळगावच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यास स्थानिक कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८८ साली बेळगावात निघालेले किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान, पुढे तेथे तयार होऊ लागलेली कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर, नगरपालिकेला जागा हवी झाल्यामुळे सोडावी लागलेली वास्तू, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी, हा इतिहास येथे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या कारखान्यापासून आजच्या बेळगावच्या यंत्रोद्योगापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह टाळलेला बरा. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या वसाहतींतील ओतशाळा आणि यंत्रशाळा यांची घडण पुष्कळ नंतरची आहे, आणि तिला स्वतःची ओळख मिळाली ती बिडाच्या ओतकामाने व हायड्रॉलिक उपकरणांनी. सुरेश हुंद्रे यांनी उभारलेली पॉलिहायड्रॉन ही कंपनी या दुसऱ्या शाखेतील ठळक नाव होय. मोठ्या कारखान्याच्या आवाक्यात न बसणारी सुटी कामे, नमुन्याचे भाग, जुन्या यंत्रांची दुरुस्ती अशी जॉबवर्कची कामे लहान शेडमध्ये येतात. अशा कामांत खोल भोक हे नेहमीचेच असते.

हायड्रॉलिक व्हॉल्व्ह म्हणजे दाबाखालच्या तेलाची दिशा किंवा प्रमाण बदलणारी झडप. तिच्या बिडाच्या ठोकळ्यात एक लांब भोक असते आणि त्यात स्पूल नावाचा खाचा पाडलेला दंडगोल पुढे-मागे सरकतो. स्पूल आणि भोक यांच्यात रबरी सील नसते. तेल अडते ते केवळ दोन पृष्ठभागांमधील ५ ते १० मायक्रॉनच्या फटीमुळे, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते; त्यातही स्पूल मध्यावर न राहता एका बाजूला टेकला तर तीच गळती आणखी अडीचपटीपर्यंत जाऊ शकते. उलट भोक किंचित वाकडे असले तर सरासरी माप बरोबर असूनही स्पूल मध्येच अडकतो. गोलाई, सरळपणा, माप आणि पृष्ठभाग या चार गोष्टी येथे एकाच वेळी हव्या असतात, आणि चारही एकाच हत्याराकडून मिळत नाहीत.

ड्रिल वाकडे का जाते, याचे उत्तर त्याच्या बारीकपणात आहे. एका टोकाला धरलेल्या दांड्याच्या मोकळ्या टोकावर आडवा जोर आला, तर त्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते व व्यासाच्या चौथ्या घातानुसार कमी होते; लांबी दुप्पट केल्यास वाकणे आठपट, आणि त्याच लांबीत व्यास निम्मा केल्यास सोळापट. गळतीच्या हिशेबात जो घन आला तोच येथेही भेटतो, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच, की थोडीशी ढिलाई फार महागात पडते. हा आडवा जोर उत्पन्न होतो तो बहुधा ड्रिलच्या दोन धारा असमान असल्यामुळे. हाताने ग्राइंडरवर धार लावताना एक धार दुसरीपेक्षा थोडी लांब किंवा निराळ्या कोनात झाली, की ती जास्त कापते, टोक दुसऱ्या बाजूला ढकलले जाते आणि भोक मोठेही होते. म्हणून खोल भोकासाठी हाती असलेले सर्वांत महाग ड्रिल निवडण्यापेक्षा दोन्ही धारा मोजून समान केलेले साधे ड्रिल अधिक भरवशाचे.

दुसरे कारण आरंभाचे. सपाट पृष्ठभागावर लांब ड्रिल थेट टेकवले तर ते पहिल्या क्षणीच सरकते, आणि त्या क्षणी मिळालेली तिरपी दिशा पुढे कधीच पुसली जात नाही. यावरचा उपाय जुना आहे: प्रथम सेंटर ड्रिलने लहानशी खूण, मग त्याच व्यासाच्या आखूड व ताठ ड्रिलने दोन-तीन व्यास खोलीपर्यंत भोक, आणि नंतर लांब ड्रिल. आखूड ड्रिलने घडवलेले हे तोंड लांब ड्रिलला भिंतींचा आधार देते. लेथवर आणखी एक सोय मिळते. तेथे ड्रिल टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या टोकाच्या आधारात, स्थिर असते आणि फिरतो तो जॉब, म्हणजे कापायचा तुकडा. ड्रिल फिरत असेल तर एकदा भरकटल्यावर त्याला परत आणणारे काहीच नसते. जॉब फिरत असेल तर भरकटलेल्या टोकाभोवती धातू फेर धरतो, टोकाला प्रत्येक फेऱ्यात सर्व बाजूंनी ढकलतो आणि अक्षाकडे आणण्याचा कल राहतो. लांब गोल तुकड्यातील भोकासाठी घरच्या कारखान्यात लेथच योग्य, असे म्हणण्याचे कारण हेच. मात्र जुन्या लेथचा टेलस्टॉक वर्षानुवर्षे सरकून झिजतो आणि खाली बसतो. तो मुख्य स्पिंडलच्या रेषेत आहे की नाही हे टेस्ट बार व डायल लावून आधी पाहिले नाही, तर सगळी खबरदारी वाया जाते. तो खाली गेला असेल तर त्याच्या बुडाखाली पातळ पत्रा, म्हणजे शिम, घालून उंची साधावी लागते.

खोली वाढू लागली की कापण्यापेक्षा कापलेले बाहेर काढणे अवघड होते. विहीर खणणाऱ्याला वरच्या चार हातांत कुदळीची चिंता असते आणि खाली गेल्यावर मातीच्या पाटीची, तसाच हा प्रकार आहे. ड्रिलच्या खोबणी बाहेर असतात तोवर चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचे तुकडे, आपोआप निघतात. खोबणींची लांबी भोकात बुडाली की चिप्स साचतात, घट्ट दाबल्या जातात आणि ड्रिल मुरगळून तुटते. म्हणून ड्रिल वारंवार पूर्ण बाहेर काढावे लागते. पहिल्या खेपेस व्यासाच्या तिप्पट, मग दीडपट, आणि खोल गेल्यावर एका व्यासाहूनही कमी अशी खेप ठेवली तर धोका कमी होतो. बिडाची चिप भुकटीसारखी असते आणि कोरडीच कापली तरी चालते. नरम पोलादाची लांब सळसळती फीत निघते आणि खोबणीत गुंडाळते. पितळ सहज तुटते, पण ड्रिलला आत ओढते, म्हणून पितळेसाठी धारेची पुढची कड किंचित सपाट करतात. ॲल्युमिनियम धारेला चिकटते, तेथे रॉकेल उपयोगी पडते. स्टेनलेस स्टीलमध्ये ड्रिल न कापता नुसते घासत ठेवले तर पृष्ठभाग कठीण होतो आणि मग नवे ड्रिलही लागत नाही. तेथे थांबणे हाच दोष. चिप्स हवेच्या झोताने उडवताना बंद तळाच्या भोकातून त्या थेट चेहऱ्याकडे येतात, म्हणून गॉगल न लावता असे करणे मूर्खपणाचे आहे.

उष्णतेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. अठराव्या शतकात युरोपात भरीव ओतलेल्या तोफा फिरवून आतून पोखरण्याची पद्धत रूढ झाली होती, आणि अशाच एका कारखान्यात, म्युनिक येथे, काउंट रम्फर्ड यांनी मुद्दाम बोथट हत्यार लावून घर्षणाने किती उष्णता निर्माण होते हे पाहिले. १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी तोफेच्या तुकड्याभोवतीचे पाणी अडीच तासांत उकळल्याचे नोंदवले. भौतिकशास्त्राच्या इतिहासात तो प्रयोग उष्णतेच्या स्वरूपासाठी प्रसिद्ध आहे. यंत्रकामगाराच्या दृष्टीने मात्र त्याचा सरळ अर्थ असा, की बोथट धार लाकडाऐवजी ड्रिलनेच चूल पेटवते. टोकापर्यंत कटिंग ऑइल पोचले पाहिजे, आणि ते केवळ तोंडाशी ओतून पोचत नाही. ड्रिल बाहेर काढून ते तेलात बुडवून पुन्हा आत घालणे हा हळू पण निश्चित मार्ग आहे. वेगाचा हिशेब ठरलेला आहे: दर मिनिटाच्या फेऱ्या म्हणजे मीटर प्रति मिनिटातील कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले पाय (π) गुणिले मि.मी.मधील व्यास. नरम पोलादासाठी हाय-स्पीड स्टीलच्या ड्रिलला २५ मीटर प्रति मिनिट धरल्यास ६ मि.मी.साठी सुमारे १३०० फेऱ्या येतात. खोल भोकात यापैकी बराच भाग सोडून देऊन हळू जावे लागते.

मोठ्या कारखान्यात या सर्व अडचणींवर गनड्रिल हे उत्तर आहे. नावाप्रमाणे ते बंदुकीच्या नळीसाठी विकसित झाले: एकच धार, अंगभर सरळ व्ही आकाराची खाच, आणि आतून आरपार गेलेले बारीक छिद्र, ज्यातून मोठ्या दाबाचे तेल थेट टोकाशी जाऊन चिप्स खाचेतून मागे वाहून नेते. धार एका बाजूलाच असल्याने कापण्याचा जोर समतोल होत नाही. तो ड्रिलच्या अंगावरील आधाराच्या पट्ट्यांवर पडतो, त्या पट्ट्या भोकाच्या नुकत्याच झालेल्या भिंतीवर टेकतात आणि भोक स्वतःच स्वतःला दिशा देते. या रचनेतील मूळ कल्पना घरच्या कारखान्यालाही परवडते. पंप, सील व दाबाची नळी वगळल्यावर जे उरते ते डी-बिट होय, आणि ते तयार करण्यास एक लेथ, एक कानस आणि एक ब्लोटॉर्च पुरते.

डी-बिट म्हणजे भोकाच्या मापाच्या गोल दांड्याचे टोक अर्धे काढून केलेले हत्यार. टोकाचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो. त्यासाठी सिल्व्हर स्टील, म्हणजे सुमारे एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असलेले व गुळगुळीत मापात मिळणारे पोलाद घेतात. टोक जेवढ्या लांबीत अर्धे करायचे तेवढ्यात ते अर्ध्यापेक्षा केसभर जास्त जाड ठेवावे. अर्ध्यापेक्षा कमी झाल्यास भिंतीचा आधार सुटतो. टोकाला थोडा मागे ढळलेला उतार दिला की पुढची कड कापते. मग टोक गडद चेरीसारखे लाल, म्हणजे सुमारे ७८० अंश सेल्सियस, होईपर्यंत तापवून त्याला पाणी देतात. पाणी दिलेले टोक कठीण पण ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून सपाट बाजूवर फिकट गवती रंग आला, सुमारे २२० ते २३० अंश, की थांबवतात. त्यानंतर सपाट बाजू तेलदगडावर घासून धार आणायची.

या हत्याराचा गुण आणि मर्यादा एकाच गोष्टीतून येतात. अंग पूर्ण मापाचे असल्यामुळे ते नुकत्याच झालेल्या भोकात टेकून सरळ पुढे जाते, मात्र पहिले काही मिलिमीटर बरोबर असतील तरच. म्हणून आधी ड्रिलने जवळजवळ पूर्ण खोलीपर्यंत मापापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान भोक पाडावे, मग तोंडाशी व्यासाच्या दीडपट खोलीपर्यंत बोरिंग टूलने भोक अचूक मापाला आणावे, आणि डी-बिट त्यात शिरवावे. बोरिंग टूल म्हणजे आतून एका बाजूने कापणारे टोकदार हत्यार. दांडा पोलादी असेल तर ते आपल्या व्यासाच्या चौपटीपलीकडे थरथरते, त्यामुळे ६ मि.मी.च्या खोल भोकात ते तोंडापुढे जाऊ शकत नाही. मात्र दिशा दुरुस्त करणारे एवढे एकच हत्यार आहे. दिशा द्यायची असेल तर ती तोंडाशीच द्यावी लागते आणि पुढे ती सांभाळण्याचे काम डी-बिटचे. डी-बिटला चिप बाहेर नेणारी पिळाची खोबणी नसते, म्हणून ते एक-दोन मिलिमीटर जाताच बाहेर काढून पुसावे लागते. घाई असणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये.

रीमर याच्या पुढची पायरी, आणि त्याबद्दल गैरसमज फार. रीमर अनेक धारांचे, बारीक मापाचे हत्यार आहे. ते भोक मापाला आणते, सरळ करत नाही. वाकड्या भोकात सोडलेला रीमर वाकडाच जातो, फक्त आतून चकचकीत वाकडेपण देतो. ६ मि.मी.साठी ०.१५ ते ०.२ मि.मी. धातू ठेवावा, त्याहून कमी ठेवल्यास तो कापत नाही, घासतो. फेऱ्या ड्रिलच्या निम्म्या व सरकवण्याचा वेग जास्त असावा, आणि बाहेर काढताना उलटे कधीच फिरवू नये, कारण उलट्या फेऱ्यात चिप धारेच्या मागे अडकून पृष्ठभाग ओरखडते.

शेवटच्या काही मायक्रॉनसाठी लॅपिंग किंवा होनिंग असते. होनिंगमध्ये बारीक घर्षक दगडाच्या कांड्या भोकात बाहेरच्या दिशेने दाबून फिरवतात व पुढे-मागे सरकवतात. त्यामुळे पृष्ठभागावर आडव्या-तिडव्या रेघांची जाळी पडते, जी तेल धरून ठेवते. लॅपिंगमध्ये तांबे, पितळ किंवा बिडाचा लॅप असतो, आणि तो जॉबपेक्षा नरम असणे आवश्यक, कारण घर्षकाचे कण नरम धातूत रुततात व कठीण धातूला कापतात. ही गोष्ट न पाळता बिडाच्या जॉबवर सिलिकॉन कार्बाइडची पेस्ट फार दाबून वापरली, तर कण भोकाच्या भिंतीतच रुततात आणि पुढे ते स्पूलला घासत राहतात. लॅप मधून चिरलेला असतो, आतल्या उतरत्या दांड्याने तो हळूहळू फुगवता येतो. तो भोकाच्या टोकाबाहेर फार गेला तर तोंड घंटेसारखे पसरते. म्हणून लॅपच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त बाहेर येऊ देऊ नये. लॅप पाच-दहा मायक्रॉन काढण्यासाठी आहे. त्याने दहापट धातू काढण्याचा प्रयत्न केला तर भोक गोल राहत नाही.

काढणे आणि गुळगुळीत करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे हिंदुस्थानात फार पूर्वी ओळखले गेले होते. बंदुकीची नळी पूर्वी भरीव धातूतून भोक पाडून होत नसे. लोखंडी पट्टी दांड्याभोवती वळवून जोडत आणि मग आतून साफ करत. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या एका यंत्राचे वर्णन केले आहे: गाय चाक फिरवते आणि एका वेळी सोळा नळ्या आतून साफ होतात. त्या यंत्राला दिशा देण्याचे काम नव्हतेच, ते आधीच नळी घडवताना झालेले असे.

व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात मात्र एक अडचण अशी येते जिचे उत्तर या क्रमात कोठेही नाही. लांब भोकाला आडवे तेलाचे भोक छेदते आणि छेदाच्या काठावर धातूची कोवळी कडा, म्हणजे बर, उरते. ती काढली नाही तर कधीतरी दाबाने तुटते, तेलाबरोबर प्रवास करते आणि स्पूलजवळच्या फटीत अडकते. शिवाय ड्रिल अर्धे एका भोकात, अर्धे घन धातूत असताना ते मोकळ्या बाजूला वळते; छेद जवळ येताच फीड, म्हणजे सरकवण्याचा वेग, कमी करणे किंवा आधीच्या भोकात त्याच धातूची घट्ट कांडी बसवून मग छेदणे हे दोन मार्ग उरतात. बर काढण्यासाठी बारीक ब्रश, वाकड्या टोकाचा खरवडा आणि पुष्कळ चिकाटी लागते. मोठ्या कारखान्यांतही या कामाला बऱ्याचदा माणसाचाच हात लागतो, आणि किंमत ठरवताना तेच सर्वांत आधी विसरले जाते.

मोजमापाचे प्रश्न यापेक्षा कमी नाहीत. ६ मि.मी.च्या भोकाला नेहमीची एच-७ मर्यादा लावली तर वरची सीमा मापापेक्षा १२ मायक्रॉन जास्त असते, आणि रीमिंगनंतर जॉब गरम असेल तर हा हिशेब त्याच क्षणी चुकतो: पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते, म्हणून १० मि.मी.चे भोक ८० अंश अधिक गरम असताना मोजले तर ते थंड झाल्यावर नऊ मायक्रॉन लहान निघते. मापे २० अंश सेल्सियसला धरण्याचा संकेत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे हिवाळ्याच्या सकाळी मोजणे तुलनेने सोपे जाते, आणि पावसाळ्यात मात्र हाताच्या घामाने लॅप केलेल्या भोकाला एका रात्रीत गंज धरतो, म्हणून मोजून झाल्याबरोबर तेल लावावे लागते. जा-ना-जा प्लग गेज एकाच ठिकाणी मापते. भोक मध्ये फुगलेले असले तरी तोंडाशी ते घट्ट बसते. भोक दोन दिशांत आणि निदान तीन खोलींवर मोजल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलता येत नाही, आणि त्यासाठी बोअर गेज लागतो. लहान शेडमध्ये नवे ड्रिल आणि इन्सर्ट यांवर सहज खर्च होतो, बोअर गेज मात्र पुढच्या वर्षावर ढकलला जातो. हा क्रम उलटा असावा.

स्पूल आणि भोक जुळवताना भोक बदलत नाहीत, स्पूल बदलतात: भोक आधी लॅप करून त्याचे खरे माप घेतात, मग त्या मापाला स्पूल ग्राइंड करतात. डिझेल इंजिनाच्या इंधन पंपातील प्लंजर आणि बॅरल यांतही हीच पद्धत असून तेथील फट दोन-तीन मायक्रॉनचीच असते, त्यामुळे ही जोडी एकत्रच बदलावी लागते. जुळवलेल्या जोड्यांवर एकच क्रमांक ठोकण्याची रीत त्यामुळेच पडली आहे, आणि दुरुस्तीला आलेल्या दोन व्हॉल्व्हचे स्पूल धुताना एकमेकांत मिसळले, तर ते परत आपापल्या ठोकळ्यात जाईपर्यंत दोन्ही व्हॉल्व्ह गळतात किंवा अडकतात.